व्हायोलाच्या पानाखाली

व्हायोलाच्या पानावर फिकट ठिपके दिसले की माझा अंगठा अजूनही आधी ते पुसायला जातो. दहिवलीत आमच्या घरासमोरून दिवसभर खडीचे ट्रक जातात, गच्चीवरच्या प्रत्येक पानावर धूळ असतेच. धूळ असेल, असं म्हणायची सवय झाली आहे. पण धूळ पुसली जाते आणि हे ठिपके जात नाहीत. हे मला तीन हिवाळ्यांपूर्वीही माहीत होतं. माहीत असूनही मी धूळच म्हणत राहिले, आणि त्यापायी एका बाईचं ठरत आलेलं काम गेलं. एवढंच सांगायचं आहे. एवढंच सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मी कर्जतमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. पन्नाशी उलटून गेली. आमचं घराणं गावातलं जुनं. कुणी वकील, कुणी मास्तर. झाडाचं काही विचारायचं असेल तर मॅडमना विचारा, असं लोक म्हणतात. मला ते ऐकायला आवडायचं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं त्या आवडण्यामुळेच झालं.

ती सहा वर्षं माझ्याकडे आठवड्यातून दोनदा बागेच्या कामाला यायची. माथेरानच्या पायथ्याशी ठाकूरवाडी आहे, तिथली. वयानं माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल, पण मी तिला पहिल्या दिवसापासून ‘अगं’ म्हणत आले आणि ती मला ‘बाई’. माझ्याकडे यायच्या आधी ती वर माथेरानला एका हॉटेलात चादरी धुवायला जायची. पायवाटेनं चढायचं, दिवसभर वाकून धुवायचं, उतरायचं. उतरतानाच गुडघा जातो, चढताना नाही, असं ती सांगायची.

गच्चीवर दर हिवाळ्यात मी व्हायोला लावते. पॅन्सीची धाकटी बहीण म्हणा. फूल लहान, जांभळं-पिवळं, आणि त्यावर मांजराच्या मिशांसारख्या काळ्या रेघा. दिवाळीनंतर खालापूरच्या बाजूच्या एका नर्सरीतून रोपं आणायची, थंडीभर फुलं बघायची आणि होळीच्या आसपास ऊन तापलं की उपटून टाकायची. आमच्याकडे ही झाडं पाहुणीच. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर लाल कोळी पडतो. नावाला कोळी, पण घरातल्या कोळ्यासारखा दिसत नाही. मोहरीच्या दाण्याच्या पाव हिश्शाहून लहान. पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतो, म्हणून वरून फिकट ठिपके दिसतात. फार झाले की देठापासून पानापर्यंत जाळं विणतो.

तिला यातलं एकही नाव माहीत नव्हतं, पण ती ते माझ्याआधी ओळखायची. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी मी गच्चीवर गेले तर ती उकिडवी बसून तोंडात पाणी घेत होती आणि ओठ आवळून कुंडीवर फवारा उडवत होती.

“अगं, हे काय करतेस?”

“जाळं बगते.”

“तोंडानं?”

“त्यो इस्त्रीवाला नाय का मारत शर्टावर? तुमी घालताच की त्यो शर्ट.”

मी हसले. मग वाकून बघितलं. ऊन तिरपं होतं. तिच्या फवाऱ्याचे बारीक थेंब जाळ्यावर अडकले होते, आणि क्षणापूर्वी जिथे काही नव्हतं तिथे वेलदोड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा पडदा दिसत होता. मी भिंग घेऊन जे शोधते ते तिनं एका चुळीत दाखवलं. मग तिनं तांब्यातलं पाणी धारेनं सोडत एकेक पान उलटं केलं आणि खालची बाजू अंगठ्यानं चोळून धुतली. वाडीवर वांग्याचं असंच करतात, म्हणाली. दर दोन दिवसांनी, सकाळी, म्हणजे पान दुपारपर्यंत सुकतं. जास्त खराब झालेली पानं खुडून पदरात घ्यायची, चुलीत टाकायची. औषध नाही, काही नाही.

मी कॉलेजात ह्या गोष्टीचं कौतुक सांगायचे. वर्गात सांगायचे, शिक्षकांच्या खोलीत सांगायचे. पण खरं लिहायचं तर सगळंच लिहायला हवं. सहा वर्षांत त्या कुंड्यांतलं एकही फूल मी देवाला वाहिलं नाही. देवाच्या फुलांची जास्वंद वेगळ्या कोपऱ्यात होती आणि तिला पाणी मी स्वतः घालायचे. का, ते कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. आमच्या घरात आमटीची चव घेतलेला चमचा परत पातेल्यात जात नाही. त्यासाठी जो शब्द आहे तो मी तिच्यासमोर कधी उच्चारला नाही. उच्चारायची गरजच पडली नाही, इतका तो अंगात होता.

कळंबच्या बाजूला एक रिसॉर्ट आहे. तिथला मॅनेजर माझा जुना विद्यार्थी. बागेचं काही अडलं की त्याचा फोन यायचा, मीही उत्साहानं जायचे. एकदा तो म्हणाला, “मॅडम, फुलझाडांना हात असलेलं माणूस बघा ना कुणीतरी. आमचे सगळे गवत कापणारे.” मी तिचं नाव सांगितलं. दिवाळीनंतर ती तिथे लागली. होळीपर्यंत बघतो, नीट राहिली तर कायम करून टाकू, असं तो माझ्यासमोर बोलला.

त्या ‘कायम’ शब्दाचं तिला फार अप्रूप होतं. मंगळवारी रिसॉर्टची सुट्टी असायची तेव्हा ती माझ्याकडे यायची आणि पुन्हा पुन्हा तेच विचारायची.

“कायम म्हंजे पावसाळ्यातबी?”

“पावसाळ्यातही.”

“आन् गुडघा धरला म्हून एक दिस नाय गेले तर?”

“तरी काढत नाहीत लगेच.”

“मंग गुडघाच धरायचा थांबंल बगा. त्याला कळतं, कुटं चालतंय आन् कुटं नाय.”

रिसॉर्टच्या स्वयंपाक्याला कुणीतरी शिकवलं होतं की व्हायोलाची फुलं खाता येतात. तो ती केकवर, पुडिंगवर लावायचा. लग्नाच्या पंगतीत तर प्रत्येक वाटीत एक फूल. तिला ह्याची फार गंमत वाटायची. “बाई, मुंबईवरनं गाड्या करून येतात आन् फुलं खातात! आमच्यात बकरी खाते.” फुलं खायची म्हणून तिथे औषध मारायची बंदी होती. ती मात्र त्यावर खूश होती. तिला औषध लागतच नव्हतं.

जानेवारीत मॅनेजरचा फोन आला. दर्शनी वाफ्यातली काही रोपं पाहुण्यांच्या मुलांनी तुडवली होती, पुढच्या महिन्यात मोठं लग्न होतं. “मॅडम, तुमच्या गच्चीवर असतात ना? चाळीसेक मिळतील?” मी तत्काळ हो म्हटलं. परवा टेंपो पाठवतो, तो म्हणाला.

त्या वर्षी मी गच्चीवर एक चूक करून बसले होते. डिसेंबरच्या शेवटी पानं निस्तेज दिसली, मी वरवर बघितलं आणि मावा समजून माव्याचं औषध फवारलं. आठ पायांच्या जिवावर सहा पायांच्या किड्याचं औषध. वर्गात पोरांना हाच फरक मी फळ्यावर काढून दाखवते. कोळ्याला त्यानं फारसं काही होत नाही. मरतात ते त्याला खाणारे बारीक काळे भुंगेरे. मोकळं रान मिळालं की कोळी दुपटीनं वाढतो. हे सगळं मला माहीत होतं. घाईत होते, परीक्षांचे दिवस होते, आणि मंगळवारपर्यंत थांबून तिला दाखवण्यात कमीपणा वाटला.

टेंपो यायच्या आदल्या दिवशी ती आली. मी गच्चीवर सतरंजी टाकून पेपर तपासत होते. ती रोपांच्या ट्रेपाशी गेली, एक पान वाकवून बघितलं, मग माझ्यासमोरच्या गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा पेपर उचलला, त्याची कोरी बाजू वर केली आणि त्यावर पान टिचक्या मारून झटकलं.

“बगा.”

कागदावर मातीचे कण पडावेत तसे ठिपके पडले होते.

“धूळ आहे गं. रस्त्याची.”

“धूळ चालती व्हय?”

ठिपके चालत होते. सावकाश, वेगवेगळ्या दिशांना. तिनं त्यावरून बोट फिरवलं. विटेच्या रंगाची बारीक रेघ उमटली. कुणा मुलाच्या उत्तरपत्रिकेवर मी न मारलेली लाल रेघ. मी तो पेपर तिच्या हातातून घेतला आणि परत गठ्ठ्यात ठेवला.

“ही रोपं तिकडं नका देऊ, बाई.”

“टेंपो उद्या येतोय. मी शब्द दिलाय.”

“तितल्या वाफ्याला काय नाय आजून. चांगला हाय त्यो. त्यांना सांगा, आमची खराब झाली.”

आमची, असं ती म्हणाली होती. ‘तुमची’ म्हणाली नव्हती. तरीही मला राग आला. माझी रोपं खराब झाली हे मी माझ्याच विद्यार्थ्याला सांगायचं? मी म्हटलं, “दोन दिवस धुतलीस की जाईल. तू आहेस ना तिथे.” त्या दिवशी तिनं सगळे ट्रे पाण्याखाली घातले, अंधार पडेपर्यंत चोळत बसली. अंडी पाण्यानं सगळी जात नाहीत. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. टेंपो आल्यावर तिनं ती चाळीस रोपं मुद्दाम मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, वेगळी ठेवली होती. मॅनेजरनं दोन दिवसांनी बघितली आणि म्हणाला, इथे कशाला, पुढे लावा. ती म्हणाली, थोडं थांबू या. तो म्हणाला, मॅडमची रोपं आहेत. मग रोपं पुढे लागली.

फेब्रुवारीच्या मध्याला त्याचा फोन. “मॅडम, जरा येऊन बघता? जाळी लागलीत हो सगळ्याला.”

मी गेले. सकाळचे अकरा. दर्शनी वाफ्याची पानं तांबूस, करपल्यासारखी, आणि फुलांच्या देठांमध्ये जाळं इतकं की त्यात सुकलेल्या पाकळ्या अडकून लोंबत होत्या. मॅनेजर उभा, स्वयंपाकी उभा, गवत कापणारे दोघं उभे. ती वाफ्याच्या पलीकडे, हातात तांब्या. मी भिंग काढलं. मला आठवतं, मी छान बोलले. लाल कोळी, आठ पाय, कोरडी हवा आणि धूळ त्याला मानवते, एका आठवड्यात अंड्यातून बाहेर. सगळे ऐकत होते. मग मॅनेजरनं साधा प्रश्न विचारला.

“पण आलं कुठून, मॅडम? डिसेंबरपर्यंत तर काहीच नव्हतं.”

मी तिच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, “कपड्यांवरून येऊ शकतं. वाडीवर वांगी वगैरे लावतात, तिथे असतं.”

असं येऊ शकतं, हे खरं आहे. पुस्तकात आहे.

मग स्वयंपाकी बोलला. बरेच दिवस मनात ठेवलेलं असावं. “साहेब, ही तोंडातनं पाणी मारते फुलांवर. मी दोनदा बघितलं. तीच फुलं मी केकवर लावतोय.”

मॅनेजरचा चेहरा बदलला. तो काय विचार करत होता ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्याही मनात तोच शब्द होता. तो माझ्याकडे वळला. “मॅडम, तुमच्याकडे सहा वर्षं होती ना ही? तुम्हाला माहीत होतं?”

“नाही,” मी म्हटलं. “मला माहीत नव्हतं.”

ती पानाकडे बघत होती. मी बोलल्यावर तिनं मान वर केली नाही. तांब्यात उरलेलं पाणी तिनं रोपाच्या मुळाशी ओतलं, तांब्या नळाजवळ उपडा ठेवला आणि चप्पल घातली. कुणी तिला जा म्हणालं नव्हतं अजून.

मी मॅनेजरला गंधकाचा फवारा लिहून दिला. उन्हात मारू नका, संध्याकाळी मारा, नाहीतर पानं भाजतील. ह्या मोसमात फुलं खायला वापरू नका. सगळं बरोबर लिहून दिलं. त्यानं मला गेटपर्यंत सोडलं, आभार मानले. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावरून बंद केल्याचं त्यानं फोनवर सांगितलं, मी “हं” म्हटलं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. मी गच्चीवर चहा ठेवून बसले होते, म्हणजे आली तर द्यावा म्हणून. नंतर कधीच आली नाही. बाजारात कुणी सांगितलं, परत वर जाते चादरी धुवायला. वाडी माझ्या घरापासून कितीशी लांब? मी गेले नाही. आधी म्हटलं परीक्षा होऊ देत, मग पाऊस, मग असंच.

पुढच्या हिवाळ्यात मॅनेजरचा पुन्हा फोन. “मॅडम, ह्या वर्षीही आलंय. आता तर ती बाई नाही.” त्यानं ते सहज म्हटलं होतं, पण मला वाटलं, संधी दिली आहे कुणीतरी. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, “वाऱ्यानं येतात ते, धाग्याला लोंबकळून.” हेही पुस्तकात आहे.

ह्या हिवाळ्यात मी गच्चीवर मोजक्याच कुंड्या लावल्या. हौस उरली नव्हती, पण लावायची सवय. फेब्रुवारीत ठिपके आले. भिंग सापडेना. मी तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं आणि फवारा मारायला गेले. जमलं नाही. अर्धं पाणी हनुवटीवरून साडीवर, उरलेलं गुळणीसारखं एकाच जागी सांडलं. दोनतीनदा केलं. कुठे तरी चार थेंब अडकले आणि जाळं दिसलं. मी ओल्या साडीनं तिथेच बसून राहिले. सुट्टीवर घरी असलेला नवरा वर आला, काय झालं म्हणाला. त्याला मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आता कशाला उकरतेस? ती विसरलीही असेल.” माणूस वाईट नाही. मी स्वतःला हेच सांगत आले होते, फक्त त्याच्या तोंडून ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेले. रिक्षा डांबर संपतं तिथपर्यंत, पुढे चालत. ती ओसरीवर पाय लांब करून वालाच्या शेंगा सोलत होती. गुडघ्याला फडकं बांधलेलं. मला बघून तिनं शेंग खाली ठेवली नाही.

“या बाई. वाट चुकलात व्हय?”

“नाही. तुझ्याकडेच आले.”

“मंग बसा. पानी देऊ? का नको?”

तो ‘का नको’ तिनं सरळ माझ्याकडे बघत विचारला. मी पाणी मागितलं. प्यायले. मग सांगायला लागले. तयारी करून गेले होते, पण सगळं उलटसुलट झालं; गच्ची, टेंपो, पेपरवरची रेघ, मला माहीत होतं तरी नाही म्हणाले ते. ती शेंगा सोलत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली,

“म्हाईत हाय मला. मी तितंच व्हते की.”

“हो.”

“मंग मला काय सांगता?”

“माफी मागायला आले.”

ती जेमतेम हसली. “मला सांगून काय? ज्यांना म्हाईत नाय त्यांना सांगा.”

मी विचारलं, तू तेव्हा का नाही बोललीस? तुला तर सगळं माहीत होतं. हा प्रश्न मी तीन वर्षं मनात तिलाच विचारत होते, जणू चूक तिची होती. तिनं हातातली शेंग सोलून संपवली.

“मी बोल्ले आस्ते, ह्ये बाईंच्या गच्चीवरनं आलंय, तर तुमी काय म्हनला आस्ता?”

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. “नाही म्हणाले असते.”

“हां. मंग दोनदा खोटं बोलाया लागलं आस्तं तुमाला.”

कोंबडी दाण्यात तोंड घालत होती, तिनं तिला हाकललं. मग म्हणाली, “जितं बोल्लात तितं बोला. त्या वाफ्यापाशी. परवा मला सुट्टी हाय. मी येते ऐकाया.”

परवा मी गेले. ती आधीच गेटबाहेर येऊन थांबली होती. ठेवणीतली हिरवी साडी, डोक्याला तेल. वॉचमननं मला सलाम केला आणि तिला विचारलं, काय पाहिजे. “माझ्याबरोबर आहे,” मी म्हटलं. तेवढं बोलताना काही वाटलं नाही. पुढचं बोलताना वाटलं.

मॅनेजरला वाफ्यापाशी बोलावलं. स्वयंपाकी तोच होता; त्यालाही बोलावलं. गवतवाल्यांच्या जागी नवीन माणसं होती, ती आपलं काम करत राहिली. मी सांगितलं. तो कोळी माझ्या रोपांवरून आला. हिनं मला आधी सांगितलं होतं, देऊ नका म्हणून. आणि ती तोंडानं पाणी मारते हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. मी खोटं बोलले. सगळं मिळून एखादं मिनिट लागलं असेल. मॅनेजरच्या हातातला फोन मध्ये एकदा वाजला, त्यानं तो बंद केला.

“अहो मॅडम,” तो म्हणाला, “इतकं काय त्यात. जुनी गोष्ट झाली.”

“हिचं काम गेलं त्यात.”

तो अवघडला. तिच्याकडे बघून म्हणाला, “मावशी, आता बाग सगळी कंत्राटदाराकडे दिली हो. माणसं त्याची. कायमचं आता माझ्या हातात नाही. तेव्हा होतं.”

‘तेव्हा होतं’ हे तो मुद्दाम बोलला नसेल. मला ते माझ्यासाठीच बोलल्यासारखं ऐकू आलं.

“ते मी मागाया नाय आले,” ती म्हणाली. मग स्वयंपाक्याकडे वळली. “काय रं, लावतोस का आजून फुलं केकावर?”

“लावतो की.”

“धुतोस का आदी?”

“धुवून लावतो, मावशी. असं कसं.”

“मंग माझं पानीबी धुऊनच गेलं आस्तं की रं त्यात.”

तो ओशाळून हसला. “हो, ते आहेच म्हणा,” असं काहीतरी बोलला आणि गॅस चालू आहे सांगून आत गेला. ती वाफ्याशी वाकली, गुडघ्यावर हात देऊन. एक पान उलटलं, सोडलं. “हितंबी हाय,” म्हणाली. पुढे काही केलं नाही. ते आता तिचं काम नव्हतं.

मॅनेजरनं विचारलं, “मॅडम, मग आता काय मारायचं ह्यावर? गंधकच?”

मी म्हटलं, “पाणी. पानाखालून, धारेनं, अंगठ्यानं चोळून. एक दिवसाआड, सकाळी. खराब पानं खुडून जाळायची. कंत्राटदाराच्या माणसांना नाही जमायचं. हिला जमत होतं.” त्यानं फोनवर लिहून घेतलं. शेवटचं वाक्य लिहिलं की नाही, मला दिसलं नाही.

परत येताना आम्ही एकाच रिक्षात बसलो, मध्ये एक भाजीची टोपली घेतलेली बाई. मी तिला विचारलं, माझ्याकडे येशील का परत, मंगळवारी. ती बाहेर बघत होती. म्हणाली, “नाय बाई. वरती मंगळवारीबी आसतंय काम.” जरा वेळानं आपणहून म्हणाली, “कुंड्या हायेत का आजून गच्चीवर?”

“आहेत. ठिपके पडलेत.”

“उपटून टाका. ऊन चढलंय, आता धुऊन काय व्हायचं नाय. कुनाला देऊ मातर नका.”

तिच्या फाट्याशी ती उतरली. उतरताना आधी बरा पाय टाकला, मग दुसरा दोन्ही हातांनी उचलून घेतला. टोपलीवाल्या बाईनं तिला हात दिला. मी पलीकडच्या बाजूला होते, माझा हात पोचला नसता.

घरी येऊन मी कपडे न बदलता गच्चीवर गेले. दोन कुंड्यांत अजून फुलं होती, वरून बघितलं तर चांगली म्हणावीत अशी. सगळी उपटली, मुळांची माती झटकली, पिशवीत भरली. देवाजवळची उदबत्तीची काडेपेटी आणून मागच्या अंगणात पेटवली. ओली होती, नीट जळेनात, नुसताच धूर. दोनदा रॉकेल टाकावं लागलं. उद्या सकाळी सातला ती पायवाट चढत असेल.